वाळूतली अंडी कुणी नेली?

१

जाळी जागच्या जागी होती. खुंट्या पक्क्या ठोकलेल्या होत्या. ‘इथे पाय ठेवू नये’ ही पाटीसुद्धा सरळ उभी होती. फक्त वाळूतली अंडी नव्हती.

नदीबाई गुडघ्यांवर बसली आणि तिने वाळूत कोपरापर्यंत हात घातला. मग दुसरा घातला, जणू पहिल्याने नीट शोधलं नसेल. वाळू मोकळी आणि गार लागली. खाली काहीच नव्हतं.

साइटवर तिला सगळे नदीबाईच म्हणत. नदीवर रेल्वेचा नवा पूल होत होता. बाकी सगळे पूल वेळेत उभा राहावा म्हणून राबत होते, आणि ही एकटी बाई मासे कुठे थांबतात, काठचं गवत कोण तुडवतं, सिमेंटचं पाणी नदीत कोण सोडतं, यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवत होती. तिला नेमलं होतंच त्यासाठी. कामाच्या वरच्या अंगाला असलेल्या या वाळूच्या पट्ट्यावर एका थोराड कासविणीने अंडी घातली, तेव्हा सख्ख्या बहिणीला मूल झाल्यासारखी ती साइटभर सांगत सुटली होती. मग तिने भोवती जाळी लावली आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत पट्टा सगळ्यांना बंद केला. खडीचे ट्रक तिथूनच जायचे होते. त्यांना लांबचा वळसा पडला, आणि तिने बऱ्याच जणांचा राग ओढवून घेतला.

ती उठली आणि आता रागाने नाही, तर थंड डोक्याने बघू लागली. कुत्र्या-कोल्ह्याने घरटं उकरलं असतं तर टरफलांचा सडा पडला असता. इथे एक तुकडा नव्हता. खड्डा कुणीतरी हाताने उकरून पुन्हा हातानेच सारखा केला होता, आणि जाताना जाळीही बसवून ठेवली होती. चोर नेटका होता. त्याच्या पायांचे ठसे कोरड्या वाळूत ओळखण्यासारखे उरले नव्हते. एक गोष्ट मात्र उरली होती: जाळीपासून काठाकडे गेलेली चाकाची एकच खोलगट रेघ. ती सारखी उजवीकडे झुकत होती, पुन्हा सरळ होत होती, पुन्हा झुकत होती, आणि दगडगोटे लागले तिथे संपत होती.

सायकल, तिच्या मनात आलं. नियम साफ होता. घरट्याला कुणी हात लावला, की काम थांबवायचं आणि कुणी लावला ते वर कळवायचं. म्हणजे साइटवरच्या कुणाची तरी मान जाणार होती. तिने हात झटकले आणि स्वतःला उद्या संध्याकाळपर्यंतची मुदत दिली.

२

पहिलं नाव कुणाच्याही तोंडी आलं असतं. ठेकेदाराचा मॅनेजर. त्याला माणसं घाईसाहेब म्हणत, कारण त्याच्या प्रत्येक वाक्याचा शेवट ‘जरा घाई करा’ असा व्हायचा. पट्टा बंद झाल्यापासून तो नदीबाईला बघितलं की मोबाइलमध्ये डोकं घालायचा.

त्याच्या पत्र्याच्या ऑफिसात पंखा फिरत होता आणि भिंतीवरचा पुलाचा नकाशा फडफडत होता. अंडी गेली आणि वाळूत चाकाची रेघ आहे हे ऐकल्यावर त्याचा चेहरा उजळेल असं तिला वाटलं होतं, पण तो उतरला. घरटं गेलं म्हणजे काम बंद, हे त्यालाही ठाऊक होतं. ‘बाई, मला रस्ता हवा होता, हे खरं. पण मी एवढा खुळा आहे का?’ असं तो म्हणाला, आणि त्यात तथ्य होतं. मग त्याने आवाज खाली आणून वस्तीकडे बोट दाखवलं. वरच्या अंगाला काठावर नावाड्याचं आणि आणखी काही जणांची घरं होती. ती माणसं पूर्वी कासवाची अंडी खायची, असं त्याने ऐकलं होतं. शिवाय नावाड्याकडे सायकल होती.

नदीबाईने त्याला जेवणाच्या सुट्टीत रोज तो कुठे असतो ते विचारलं. कारण सुट्टीत साइट ओस पडायची, आणि अंडी न्यायची तर तीच वेळ सोयीची होती. घाईसाहेब गडबडला. इथेच, म्हणाला. मग इकडेतिकडे, म्हणाला. कपाळावरचा घाम त्याने पंख्याखाली बसून पुसला.

बाहेर पहारेकरी खडीच्या ढिगावर बसला होता. त्याची प्लॅस्टिकची खुर्ची रोज नदीकाठच्या फाटकापाशी असायची. चार दिवसांपूर्वी ती नाहीशी झाली, आणि सापडली तीही वरच्या उतारावर, झुडपात, नदीकडे तोंड करून. टवाळ पोरांचं काम, असं त्याचं मत होतं. परत आणली तर पुन्हा नेतील, म्हणून त्याने ती तिथेच राहू दिली होती.

३

नावाडी जाळं विणत बसला होता. नदीबाई त्याला दादा म्हणायची. घरट्याची जागा त्यानेच तिला दाखवली होती, आणि आता त्यालाच विचारायचं होतं. तिने आडवळणाने सुरुवात केली. त्याला ते लगेच कळलं.

त्याच्या आजोबांच्या वेळी अंडी खायचे, त्याने कबूल केलं. त्यानंतर कासविणी यायच्याच कमी झाल्या आणि खाणारेही गेले.

‘या वर्षी ती आली, ते मी बायकोच्याही आधी तुम्हाला येऊन सांगितलं. विसरलात का, बाई?’

ती विसरली नव्हती. तिने मान खाली घातली. तेवढ्यात त्याची बायको ओले हात पदराला पुसत बाहेर आली. तिला सगळे वहिनी म्हणत. नवऱ्याची उदास मुद्रा बघून तिने विषयच बदलून टाकला. अंड्यांचं काय घेऊन बसलात, तिचं अख्खं खुराडं कोंबड्यांसकट चालत वर गेलं होतं, ते कुणी शोधायचं? परवा ती बाजारातून आली तर अंगणात खुराडं नाही. शोधता शोधता सापडलं कुठे, तर चढावर, जुन्या पायवाटेशेजारी. कोंबड्या आत मजेत. कुणीतरी त्यांना दाणेसुद्धा टाकले होते.

नावाड्याने भर घातली. त्याची वल्ही आणि एक जाळं असंच गेलं होतं आणि चढावरच्या मोठ्या दगडामागे नीट रचून ठेवलेलं मिळालं.

मग सगळं पुन्हा खाली आणलं का, असं नदीबाईने विचारलं. नाही. खुराडं जड होतं आणि कोंबड्यांना वर सावली बरी होती. वल्ही लागायची, ती आणली. दुसऱ्या दिवशी ती परत वर.

असा चोर तिने आयुष्यात ऐकला नव्हता. तो काही नेत नव्हता. फक्त वर ठेवत होता. सायकल बघायला ती घराच्या मागे गेली. सायकलीचं टायर बारीक आणि खरखरीत होतं. वाळूतली रेघ रुंद आणि गुळगुळीत होती, आणि सायकल वाळूतून ढकलली तर दोन चाकांच्या दोन रेघा एकमेकींना छेदत जातात, एकच रेघ उमटत नाही. नावाड्यावरचा संशय तिथेच गळून पडला. तिला इतकं हलकं वाटलं, की परत येताना ती वहिनींच्या कोंबड्यांचीही चौकशी करून आली.

४

दुसऱ्या दिवशी सुट्टीची शिटी झाली आणि घाईसाहेब इकडेतिकडे बघत निघाला. नदीबाई त्याच्या मागे निघाली. तो थेट वाळूच्या पट्ट्याच्या टोकावर गेला, पाटीच्या अलीकडे थांबला, पाठ करून उभा राहिला.

मग तिला आवाज ऐकू आला. घाईसाहेब गात होता. फोन तोंडासमोर धरून, अतिशय हळू, बेसूर आवाजात तो अंगाई म्हणत होता. पलीकडून बारीक रडणं येत होतं. ते थांबेपर्यंत तो गात राहिला.

वळला आणि ती समोर. त्याचे कान लाल झाले. मुलगी झाल्याला थोडेच दिवस झाले होते, आणि सुट्टी मिळाली नव्हती. साइटभर फोनला रेंज इथे एकाच जागी नीट मिळायची. दुपारी ती झोपायला कुरकुर करते, आई दमून जाते, मग बाबा गातो. हे माणसांना कळलं तर त्याला कुणी घाबरणार नाही, एवढीच त्याची चिंता होती. नदीबाईने कुणाला सांगणार नाही असं वचन दिलं आणि मुलगी कुणासारखी दिसते ते विचारलं. फोटो बघण्यात सुट्टीचा बराच वेळ गेला.

निघता निघता तिने त्याला एकच विचारलं. रोज याच वेळी तो इथे असतो, तर त्याने पट्ट्यावर कुणाला येताना बघितलं होतं का?

‘कुणीसुद्धा नाही. आपले अण्णा तेवढे असतात, गाडी घेऊन. बाकी चिटपाखरू नाही.’

तिने मान डोलावली, कारण पुलाच्या इंजिनिअरचे वडील, अण्णा, रोजच तिथे असत. त्यांचं असणं कुणी मोजत नव्हतं. आणि संध्याकाळ जवळ येत चालली होती, हातात काहीच नव्हतं.

५

अंडी कुठेतरी पुरलेली असतील, तर उतारावर ताजी माती दिसेल. लांबून बघायचं तर दुर्बीण हवी. ती पुलाच्या इंजिनिअरच्या घरी गेली. इंजिनिअर तिच्याहून थोडी लहान, साइटवर सगळ्यांची मॅडम, आणि नदीबाईची इथली एकुलती एक मैत्रीण. नदीत कामासाठी घातलेला तात्पुरता भराव आणि त्याखालून पाणी जायला बसवलेले सिमेंटचे नळे, हे सगळं मॅडमच्या हिशोबाने झालं होतं. मासे वर चढू शकतील असे ते नळे बसवायचे, यावर दोघींनी मिळून डोकं चालवलं होतं.

फाटकापाशी अण्णा उभे होते. मॅडमचे वडील. जन्मभर नद्यांची मोजणी केलेला माणूस. गेल्या वर्षी त्यांना झटका आला आणि उजवा हात अर्धा गेला, बोलणं सगळंच गेलं. एक शब्द राहिला: चहा. भूक लागली तरी चहा, आनंद झाला तरी चहा. काठी धरून चालताना एकदा पडले, तेव्हा मॅडमने त्यांना साइटवरची एक जुनी एकचाकी गाडी दिली. तिचे दांडे धरून ते तोल सांभाळत फिरायचे, कुंड्यांना माती आणायचे.

आज त्यांनी नदीबाईची बाही पकडली, नदीकडे हात केला आणि घायकुतीला आल्यासारखं म्हणाले, ‘चहा. चहा.’

‘आत्ताच झाला ना, अण्णा,’ असं म्हणत मॅडम बाहेर आली, आणि उसासा टाकून पुन्हा आधण ठेवायला गेली. आठवडाभर असंच चाललंय, तिने सांगितलं. दिवसभर चहा मागतात, आणि दिला की कप तसाच ठेवून देतात.

नदीबाईने मोजणीची दुर्बीण आणि तिपाई खांद्यावर घेतली आणि चढावर गेली. पहारेकऱ्याची खुर्ची होती तिथेच सावली होती, म्हणून तिच्या जरा खालच्या अंगाला उतारावर तिपाई रोवली, आणि दुर्बीण खुर्चीच्या बरोबरीला आली. या दुर्बिणीत एक आडवी तार असते. दुर्बीण सपाट बसवली, की तारेवर जे जे दिसतं ते सगळं एकाच पातळीवर असतं. ती हळूहळू दुर्बीण फिरवू लागली. गवत, झुडूप, पायवाट. तारेवर वहिनींचं खुराडं येऊन बसलं.

तिने फारसं मनावर घेतलं नाही. आणखी फिरवली. मोठा दगड, आणि त्यामागून डोकावणारी वल्ह्यांची टोकं. तीही तारेवरच.

ती ज्या खुर्चीपाशी उभी होती, ती खुर्चीही याच रेघेवर होती. चोराने वस्तू मन मानेल तिथे टाकल्या नव्हत्या. डोळ्यांना न दिसणाऱ्या एका रेघेवर मांडल्या होत्या, कुठे वीतभरसुद्धा वरखाली नाही. मग अंडीही तिथेच असली पाहिजेत. पट्ट्याच्या मागचा उतार तिने तारेवर धरून इंचाइंचाने बघितला, आणि उन्हं पडणाऱ्या एका उघड्या जागी वाळूचा लहानसा उंचवटा दिसला. तिथे वाळू असायचं कारण नव्हतं.

ती धावत गेली. बोटांनी वाळू बाजूला केली. पांढरी, गोल, एकही न तडकलेली अंडी. आणि प्रत्येकावर, वरच्या बाजूला, पेन्सिलीचा एक ठिपका.

६

ठिपके बघून तिचा आनंद जागच्या जागी गोठला.

कासवाचं अंडं उलटं झालं तर आतला जीव मरतो. म्हणून हलवायचंच असेल, तर वरच्या बाजूला खूण करून ती वरच ठेवायची. ही गोष्ट तिने इथे एकदाच सांगितली होती, मॅडमच्या घरी जेवताना, एका लिंबावर पेन्सिलीने ठिपका काढून. टेबलाशी तिघं होती. ती स्वतः, मॅडम, आणि लिंबाकडे टक लावून बघणारे अण्णा.

तिपाई आणि दुर्बीण उचलून ती मॅडमच्या घरी परत आली. मैत्रिणीवर संशय घेणं म्हणजे आपल्याच घराची झडती घेण्यासारखं. तिने दुर्बीण जागेवर ठेवली आणि सरळ विचारून टाकलं.

मॅडमचा चेहरा पडला. ‘तुला असं वाटलं, की मी रस्ता मोकळा व्हावा म्हणून तुझं घरटं हलवीन?’

‘रस्ता मोकळा व्हावा म्हणून नाही. ज्याने हलवलं त्याने त्या अंड्यांना जपलंय. म्हणून तर तुझ्याकडे आले.’

मग नदीबाईने तिला ती रेघ सांगितली. खुराडं, वल्ही, खुर्ची, अंडी, सगळी एका पातळीवर. सांगता सांगता तिचे शब्द आपोआप सावकाश झाले. दुर्बिणीशिवाय उतारावर अशी रेघ कोण धरू शकेल? ज्याने आयुष्यभर पाण्याच्या पातळ्या बघितल्या त्याचे डोळे. एकाच चाकाची रेघ कशाने उमटेल? आणि ती सारखी उजवीकडे का झुकेल? ढकलणाऱ्याचा उजवा हात गाडीचा दांडा नीट धरू शकत नसेल, तर. रोज सुट्टीत पट्ट्यावर कोण असतं? कुणीसुद्धा नाही. आपले अण्णा तेवढे.

मॅडम उठून खिडकीपाशी गेली. अंगणात अण्णा गाडीत कुंडी ठेवत होते. सगळ्यात खालच्या कट्ट्यावरची कुंडी.

‘पण का?’ नदीबाई म्हणाली. ‘त्यांना ती रेघ कशाची वाटते?’

मॅडमने लगेच उत्तर दिलं. ती लहान असताना अण्णा पुराच्या आधी गावोगाव जाऊन एकच गोष्ट सांगायचे. इथपर्यंत पाणी येईल. जे खाली आहे ते इथून वर ठेवा.

‘ते आठवडाभर मला हेच सांगताहेत,’ ती म्हणाली. ‘आणि मी त्यांना चहा पाजतेय.’

७

मॅडमचा हिशोब चुकलेला नव्हता. तिने तो तिथल्या तिथे पुन्हा मांडला. वरच्या डोंगरात जोराचा पाऊस होणार होता, ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण नळ्यांतून वाहून जाणारं पाणी वस्तीच्या अंगणाला लागेल इतकं चढत नव्हतं. अण्णांची रेघ तर घरांच्या छपरांच्या वर होती. दोन्ही बरोबर असणं शक्य नव्हतं.

‘नळे चालू असतील तर,’ मॅडम स्वतःशीच पुटपुटली.

नळ्यांची तपासणी दर आठवड्याला व्हायची, पण खालच्या बाजूने, कारण पायवाट तिकडे होती. खालून बघितलं की पाणी पडताना दिसायचं. नदीबाईला मासे आठवले. गेले कित्येक दिवस भरावाच्या खालच्या अंगाला माशांची झुंबड उडाली होती, बगळ्यांची रांग लागली होती. मासे यंदा भरपूर आलेत, या खुशीत ती होती. मासे आले होते, हे खरं. पण ते वर जात नव्हते. त्यांना वाटच सापडत नव्हती.

नावाड्याने होडी काढली. अण्णांना दोघींनी मध्ये बसवलं. वरच्या बाजूने भरावाजवळ गेल्यावर पाणी इतकं शांत लागलं, की वल्हं थांबवलं तरी होडी हलेना. जलपर्णीचा हिरवागार गालिचा भरावाला टेकला होता. नावाड्याने वल्हं खाली खुपसलं. ते दणकट कशाला तरी अडलं. जलपर्णीची मुळं, फांद्या, गवत, पिशव्या, सगळं पाण्याखाली नळ्यांच्या तोंडांवर गच्च बसलं होतं. मोजके नळे वाहत होते, तेच खालून दिसत होते. बाकीचे मिटले होते. भराव म्हणजे आता बांधच होता, आणि डोंगरातलं पाणी आलं की मागे तुंबून वस्तीच्या डोक्यावर चढणार होतं.

अण्णांनी वाकून पाण्यात बोटं बुडवली आणि मुलीकडे बघितलं. ती त्यांचा ओला हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसली. नावाडी उगाचच दुसरीकडे बघत राहिला.

गाळ काढत बसायला वेळ नव्हता. भराव मधोमध तोडायला हवा होता. तो घाईसाहेबाने दिवसरात्र एक करून घातलेला होता, आणि तोडला की पुलाचं काम महिनोन्‌महिने मागे जाणार. मॅडम त्याला सगळं समजावून सांगत होती, तेव्हा तो नकाशाकडे बघत होता. नदीबाईला वाटलं, हा आता वरून परवानगी येऊ द्या म्हणणार. त्याने वस्तीत लहान मुलं किती आहेत ते विचारलं. मग टोपी घातली.

‘बांधायला घाई केली ना. तोडायलाही करू.’

पोकलेन आला. पहिला घास भरावातून निघाला, तसं अडलेलं पाणी फुरफुरत सुटलं, आणि जलपर्णीचा गालिचा फाटत फाटत खाली निघून गेला. वस्तीतल्या माणसांना कुठपर्यंत जायचं ते समजावून सांगावं लागलं नाही. वहिनींच्या कोंबड्या आधीच तिथे होत्या. गाद्या, भांडी, म्हातारी माणसं, सगळं त्या रेघेच्या वर गेलं.

८

पाणी दुसऱ्या दिवशी दुपारी आलं, लाल, फांद्या घेऊन, मोठा आवाज करत. तोडलेल्या भरावातून ते घुसत राहिलं. वाळूचा पट्टा, जाळी, पाटी सगळं बघता बघता त्याखाली गेलं. वस्तीच्या अंगणांना ते लागलं, पहिल्या पायऱ्या त्याने बुडवल्या आणि तिथे थबकलं. संध्याकाळी उतरू लागलं. एकही घर पडलं नाही. वरच्या उतारावरचा, अंड्यांवरचा वाळूचा उंचवटा कोरडा होता.

नदीबाईने आपला अहवाल लिहिला. घरटं एका अनुभवी नदीअभ्यासकाने धोका ओळखून योग्य रीतीने सुरक्षित जागी हलवलं आहे, असं लिहून तिने त्याखाली स्वतःची सही केली, आणि ज्याला शंका असेल त्याने येऊन बघावं, असं जोडलं. मग सकाळी ती मॅडमच्या घरी गेली.

घरात आनंद असेल असं तिला वाटलं होतं. अण्णा अंगणात पायरीवर पाठ वळवून बसले होते. उतारावर त्यांची रेघ कोरडी होती आणि पाणी तिच्या कितीतरी खाली येऊन गेलं होतं. ते त्यांनी बघितलं होतं. मॅडम दारात उभी होती, डोळे सुजलेले. तिने रात्रीपासून चारदा समजावून सांगितलं होतं, की भराव तोडला म्हणून पाणी कमी चढलं, ते चुकले नव्हते. लांबलचक बोलणं अण्णांच्या डोक्यात शिरत नसे. मध्येच ते मान फिरवत. त्यांना एवढंच कळत होतं, की सगळ्यांना घरदार सोडून वर पळायला लावलं आणि पाणी काही तिथपर्यंत आलं नाही.

‘जन्मात पहिल्यांदा चुकलो असं वाटतंय त्यांना,’ मॅडम म्हणाली. ‘आणि तसं नाही, हे मला त्यांना पटवता येत नाही.’

काठावर जे घडलं नाही, ते दाखवायचं कसं? मॅडम थोडा वेळ वडिलांच्या पाठीकडे बघत राहिली. मग ती आत गेली आणि बांधकामाचं एक घमेलं घेऊन आली.

तिने कुंडीतली माती घमेल्यात ओतली, पाणी शिंपडून मळली आणि तिची नदी केली, दोन काठांची, वळणाची. मधोमध बोटभर भराव घातला. गवताच्या पोकळ काड्या तोडून त्याखालून नळे बसवले. वरच्या काठावर तांदळाचे दाणे ठेवले, वस्तीची घरं म्हणून. त्यांच्या मागच्या चढावर करंगळीच्या नखाने एक रेघ ओढली. अण्णांची मान हळूहळू वळली.

मॅडमने तांब्याने पाणी सोडलं. ते काड्यांतून झुळझुळत गेलं. मग तिने गवताचा चोळामोळा करून काड्यांच्या तोंडात कोंबला आणि पुन्हा पाणी सोडलं. पाणी भरावामागे थांबलं, फुगलं, दाण्यांना गिळलं आणि चढत चढत नखाच्या रेघेला येऊन टेकलं. अण्णा आता तिच्याशेजारी उकिडवे बसले होते.

तिने त्यांचा डावा हात धरला आणि त्यांच्याच बोटाने भराव मधोमध फोडला. पाणी भसकन खाली गेलं. बुडालेले दाणे एकेक करून उघडे पडले.

अण्णा घमेल्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चिखलाचा भराव पुन्हा घातला, एका हाताने, वाकडातिकडा. मुलीकडे तांब्या सरकवला. पाणी चढलं. त्यांनी भराव फोडला. पाणी उतरलं. तिसऱ्यांदा फोडताना ते हसू लागले, आवाज न करता, खांदे हलवत. मॅडमही हसत होती आणि कोपराने डोळे पुसत होती, कारण हात चिखलाने भरले होते.

नदीबाई दारातच थांबली. रिकामा झालेला तांब्या तिने उचलला आणि भरून आणायला आत गेली.